गडूवर सापडलेलं नाव : जुनी, मागे पडलेली नावं बाळाला ठेवावीत का?

ओसरी :
मंडळी, लेक एकोणीस दिवसांची आहे. सगळ्यांना जमावं म्हणून बारसं सव्वा महिन्यावर नेलंय, त्यामुळे नाव ठरवायला अजून थोडे दिवस हातात आहेत. घरात रोज नवी यादी येते. माझ्या मनात मात्र एकच नाव ठाण मांडून बसलंय आणि ते कुणालाच पटत नाहीये, म्हणून इथे विचारते.

डोहाळजेवणासाठी माहेरी गेले होते. आईनं माळ्यावरची जुनी भांडी खाली काढली होती. त्यात एक तांब्याचा गडू होता, एका बाजूनं चेपलेला. चिंचेनं घासता घासता काठाखाली अक्षरं दिसायला लागली. हल्ली मशीननं घालतात तशी सरळ रेघेतली नाहीत, छिन्नीनं ठिपका ठिपका ठोकून पाडलेली : 'चि. यमुना गोविंद'. पुढचं आडनाव झिजून गेलंय. 'मु'चा उकार इतका लांब गेलाय की तो खालच्या नक्षीतल्या पानाला जाऊन चिकटलाय.

आईला विचारलं, ही यमुना कोण? तिला माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं. शेवटी बाबांच्या आत्याला, म्हणजे आमच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याआजीला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, आमची आई ती. लग्नाआधीची."

माझी पणजी आम्हाला सरस्वती म्हणूनच ठाऊक. फोटोखाली सरस्वती, सातबाऱ्यावर सरस्वती, श्राद्धाच्या संकल्पात सरस्वती. बाबा तिच्या मांडीवर वाढले, पण आपल्या सख्ख्या आजीचं पहिलं नाव त्यांना सत्तरीला आल्यावर कळलं. तेराव्या वर्षी लग्न झालं, तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि यमुना तिथंच थांबली.

लेकीचं नाव यमुना ठेवावं असं फार वाटतंय. नवरा म्हणतो, नाव गोड आहे पण शाळेत ती एकटी पडेल. सासूबाईंनी तर 'ते सोडून काहीही' असं सांगितलंय. तुमच्यापैकी कुणी असं जुनं नाव ठेवलंय का? मुलांना ते पेलतं का? आणि तुमच्या घरातली विसरलेली नावं आठवत असतील तर तीही सांगा.


पाऊलवाट :
ओसरी, वाचून अंगावर काटा आला. तुमच्या पणजीसारख्या आणखी दोन यमुना सांगते, त्या सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत, फक्त या नावानं नाहीत. १८६५ साली कल्याणला जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदी झाली आणि अमेरिकेत जाऊन डॉक्टर आनंदीबाई जोशी झाली. दुसरी यमुना कुर्लेकरांची. ती न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी येऊन रमा झाली, तीच सेवासदनच्या रमाबाई रानडे. तिसरी यमुना नव्हे, गोदू. बालविधवा गोदूबाईंनी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्याही आनंदीबाई झाल्या, पुढे सगळे त्यांना बाया कर्वे म्हणायचे.

म्हणजे बघा, यमुना आणि गोदा ही नावं जुनी झाली म्हणून मागे पडली असं आपण समजतो. निम्मी तर लग्नाच्या मांडवातच पुसली गेलीत. पुरुषांची नावं वंशावळीत राहतात. बायकांची माहेरची नावं कुठे राहतात? अशी भांड्यावर.

माझं मत विचाराल तर ठेवा. डोळे झाकून ठेवा.


तिसरी घंटा :
मी बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते आहे, त्यामुळे हजेरीपुस्तकातून जे दिसतं ते सांगते.

एकटी पडण्याची भीती तुमच्या यजमानांना वाटते ती खरी, पण उलट बाजूनं. गेल्या वर्षी माझ्या वर्गात चार आरोही होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांची 'आरोही पी', 'आरोही एस' अशी वाटणी झाली आणि एकीला तर वर्षभर नुसतं 'एस' म्हणायचे. त्याच वर्गात एक भागीरथी होती. पहिले दोन दिवस मुलं हसली. तिसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांची भागी. पोरं चिडवायला कुठलंही नाव पुरवून घेतात, नवं असो वा जुनं, त्यावरून नाव ठरवू नये.

पण एक गोष्ट मला बोलायचीच आहे, राग मानू नका. तुम्ही नाव सांगितलंत त्यात लेकीबद्दल एक ओळ आहे आणि पणजीबद्दल दोन परिच्छेद. नाव लेकीला वापरायचंय. तिच्या डोक्यावर पणजीवर झालेल्या अन्यायाची परतफेड ठेवू नका. 'तुझं नाव असं का?' असं कुणी विचारलं की दर वेळी त्या पोरीनं एक दुःखाची गोष्ट सांगायची का? माझ्या वर्गात गेलेल्या काकांचं नाव ठेवलेला एक मुलगा होता. घरात कुणी त्याला हाक मारली की आजीच्या डोळ्यांत पाणी. सात वर्षांचं पोर, त्याला वाटायचं आपलं काहीतरी चुकतंय.

नाव आवडलं असेल तर नाव म्हणून ठेवा. गॅलरीत उभं राहून खाली खेळणाऱ्या पोरीला जेवायला बोलावताय असं समजून दहा वेळा मोठ्यानं हाक मारून बघा. जीभ अडखळली नाही, लाज वाटली नाही, तर नाव पक्कं.


रानजाई :
नद्यांची नावं आमच्या घरातही पिढ्यान्‌पिढ्या होती. आजीच्या पाच बहिणी : गंगा, गोदा, कृष्णा, वेणू आणि तापी. तापी हे नाव मला अजूनही फार आवडतं, दोनच अक्षरं आणि कशी टणक. आमच्या खानदेशात तापीबाई घरोघरी होत्या, आता शोधूनही सापडत नाही. पूर्णा, प्रवरा, इंद्रायणी, नीरा याही आहेत. त्यातली नीरा हल्ली परत ऐकू येते, इंद्रायणी कधीतरी, प्रवरा नावाची मुलगी मात्र मी आजवर पाहिली नाही.

आणि नदीवरून ठेवलेलं सगळ्यात वेगळं नाव इरावती कर्व्यांचं. १९०५ साली त्यांचा जन्म ब्रह्मदेशात झाला, तिथल्या इरावती नदीवरून वडिलांनी नाव ठेवलं. त्या काळच्या पुण्यात ते नाव किती नवखं वाटलं असेल! आज आपल्याला तेच जुनं, भारदस्त वाटतं आणि त्यातलं 'इरा' तेवढं उचलून घरोघरी ठेवतात. मला पूर्ण इरावतीच हवी वाटते.


ओसरी :
तिसरी घंटा, राग अजिबात नाही. तुमचं वाचून रात्रभर विचार करत होते. पोरीबद्दल एकच ओळ लिहिली, हे खरं आहे.

सासूबाईंचं कारण आज कळलं. त्यांना जुनेपणाची अडचण नाही. त्या म्हणतात, "यमाचं नाव आहे त्यात. तान्ह्या पोरीला हाक मारताना तोंडात यम यायला नको." यावर काय बोलावं मला सुचलं नाही. एक मूल गमावलंय त्यांनी, त्यामुळे वाद घालायची इच्छाही नाही.


आडवळण :
वाद घालू नका, भाऊबीज आठवून द्या. आपण भाऊबीज म्हणतो तिचं पंचांगातलं नाव यमद्वितीया. त्या दिवशी यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला गेला आणि तिनं ओवाळलं म्हणून आपण ओवाळतो. ज्या घरात यमुना आहे तिथे यम येतो तो भाऊ म्हणून, पाटावर बसायला, जेवायला. माझ्या आईनं मला हे लहानपणी असंच सांगितलं होतं, आमच्याकडेही एक यमूमावशी होती म्हणून.


निळी शाई :
पत्रिकेतलं अक्षर काय आलंय? आमच्याकडे सगळं तिथंच अडलं होतं. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी एकशे आठ अक्षरं. मुलाचा जन्म आर्द्रा नक्षत्रावर. आर्द्राची अक्षरं कू, घ, ङ, छ. चरण तिसरा, म्हणजे ङ. आता ङ वरून कुणाचं नाव आणायचं? गुरुजींनीच सांगितलं की जन्मनाव वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं, पूर्वी तर जन्मनाव कुणाला सांगतही नसत. त्यांनी जन्मनाव घ वरून लिहून दिलं आणि आम्ही मुलाला सोपान म्हणतो. कुणीही नाक मुरडलं नाही, उलट नव्या ओळखीत लोक नाव एकदाच ऐकून लक्षात ठेवतात.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. चौघांपैकी मुक्ता मागे पडली नाही आणि ज्ञानदेवाचा ज्ञानेश झाला. सोपान घ्यायला लोक का बिचकतात कळत नाही. निवृत्तीचं समजू शकतो, ऐकल्याबरोबर पेन्शन आठवते.


गावकूस :
धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं. लिहितो.

'जुनी नावं परत आणूया' हे वाचताना मला माझे आजोबा आठवतात. त्यांचं नाव कचरू. त्यांच्या आधीची दोन भावंडं गेली होती, म्हणून नजर लागू नये, यमालाही नकोसं वाटावं असं नाव ठेवलं, एवढंच घरात सांगायचे. पण अशी नावं वाड्यातल्या पोरालाही ठेवत आणि गावकुसाबाहेरच्या पोरालाही, त्यात फरक होता. वाड्यातल्या धोंडूला मोठेपणी लोक धोंडोपंत म्हणत. आमच्या कचरूला साठाव्या वर्षीही कचऱ्याच म्हणत, आणि हाक मारणारा विशीतला असे. त्या नावात लाड नव्हता उरलेला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा नागपुरात होते. दीक्षा घेऊन आले. पुढे मुलगा झाला त्याचं नाव त्यांनी मिलिंद ठेवलं, ते माझे वडील. मिलिंद म्हणजे पाली ग्रंथातला तो ग्रीक राजा मिनँडर, भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजला तेच नाव दिलं होतं. आजोबांना हे सगळं कुणीतरी समजावून सांगितलं असणार, कारण ते आम्हालाही सांगायचे : "प्रश्न विचारणाऱ्याचं नाव आहे." त्या एका पिढीत आमच्या वस्तीत गौतम, सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा, संघमित्रा आले आणि दगडू, कचरू, धोंडी गेले. आम्ही ती नावं विसरलो नाही. आम्ही ती ठरवून टाकली.

त्यामुळे जुनं नाव गोड वाटणं हे कुणाच्या माळ्यावर काय सापडतं त्यावर आहे. आमच्या माळ्यावर नाव घातलेली भांडी नव्हती.

साताऱ्याचं आठवतं का? २०११ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे २८५ मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली. सगळ्यांचं नाव एकच, नकुशा. मुलगा हवा असताना झाली म्हणून नकोशी. त्यांतल्या पुष्कळजणींनी आपलं नवं नाव स्वतः निवडलं. नकुशा हेही जुनं, गावाकडचं, पारंपरिकच नाव होतं की.

ओसरीताई, तुमच्या पणजीचं नाव काढून घेतलं होतं आणि तुम्ही ते परत देताय, हे मला समजतं. ठेवा. फक्त 'जुनं' हा शब्द आमच्यासाठी एवढा सरळ नाही, एवढंच.


पाऊलवाट :
गावकूस, 'डोळे झाकून ठेवा' असं मी वर लिहिलं ते मागे घेते. नाव डोळे उघडे ठेवूनच ठेवावं. हे आधी कधी असं डोक्यातच आलं नव्हतं.


ओसरी :
गावकूस दादा, लिहिलंत ते बरं केलंत. मला तुमच्याकडून अजून ऐकायचंय. तुमच्या घरात आता नावं कशी ठेवतात?


गावकूस :
बहिणीला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे, त्यामुळे घरात हाच विषय. वडील म्हणतात गौतम-सिद्धार्थ फार झाले, आता थेरीगाथेकडे जाऊ. भगवान बुद्धांच्या काळच्या भिक्खुणींच्या स्वतःच्या कविता आहेत त्यात, दोन हजार वर्षांच्या वरच्या. तिथली नावं बघा : खेमा, सोमा, सुमेधा, धम्मदिन्ना, पटाचारा, उप्पलवण्णा. यांच्याइतकं जुनं काय असणार? आणि एकही नाव असं नाही की ज्याची मान खाली जावी. मला सोमा आवडलंय. त्या गाथेत मार, म्हणजे साधनेतून ढळवायला येणारा तो, तिला म्हणतो, ऋषींना मिळतं ते स्थान बाईच्या दोन बोटांच्या अकलेला मिळायचं नाही, आणि ती त्याला गप्प करते.


रानजाई :
सोमा! किती सुंदर. दोन अक्षरं, हाक मारायला मोकळं, लिहायला सोपं, आणि मागे एवढी गोष्ट.


सातवीण :
मुलांच्या नावांवर फारसं कुणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. आम्हाला मुलगा झाला तेव्हा माझी एकच अट होती, नावात ळ हवा. आपलं खास अक्षर, आणि नावांतून किती भराभर जातंय! गोपाळ, निळकंठ, मंजुळा, कोकिळा, कमळा, निर्मळा, पुतळा. यातलं एकही मला बालवाडीत ऐकू येत नाही. रोमन लिपीत ळ चा ल होतो आणि दोन वर्षांत पोर स्वतःही तसंच म्हणायला लागतं, अशी सगळ्यांना भीती.

आम्ही निळोबा शोधून काढलं, पिंपळनेरच्या संत निळोबारायांवरून. कागदावर निळोबा, घरी निळू. ळ नीट म्हणता यायला त्याला चौथं वर्ष उजाडलं, तोवर तो स्वतःला 'नियू' म्हणायचा. ज्या दिवशी पहिल्यांदा ळ जिभेवर बसला त्या दिवशी घरभर निळू निळू निळू करत पळत होता.

बाकी, मुलींची नावं शिवकाळातही फार देखणी आहेत. सई परत आली, ते मुळात सखी या अर्थाचं. पण राणू का नाही येत? शिवाजी महाराजांच्या एका लेकीचं नाव राणूबाई, आणि श्रावणात आदित्यराणूबाईची कहाणी वाचतात तिथेही तेच. येसू आहे, सगुणा आहे, गुणवंता आहे.


कोरा कागद :
जन्म-मृत्यू नोंदणीच्या कामात बरीच वर्षं काढली, त्यामुळे कागदाची बाजू सांगतो.

ओसरीताई, घाई करू नका. जन्माची नोंद एकवीस दिवसांत झाली पाहिजे, पण ती बाळाच्या नावाशिवाय होते. नाव बारा महिन्यांच्या आत शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. घाईत एक नाव घालायचं आणि मग बदलायला धावपळ, हा प्रकार मी शेकड्यांनी पाहिलाय. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखल्यालाच महत्त्व आलंय, त्यामुळे तिथे जे पडेल ते आयुष्यभर.

दुसरं, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांचं नाव आपल्या राज्यात सरकारी कागदांवर असं लिहायचं आहे : बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. तेव्हा तुमच्या लेकीच्या नावापाठोपाठ तुमचं नाव येणार. दोन्ही एकामागून एक म्हणून बघा, कानाला कसं लागतं ते.

तिसरं, रोमन लिपीतलं स्पेलिंग एकदाच ठरवा आणि घरातल्या सगळ्यांना लिहून द्या. 'ना'ला एक ए की दोन, यावरून पुढे दाखले अडतात.


आडवळण :
आईचं नाव लावायची ही पद्धत या मातीला नवी नाही. सातवाहन राजे गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी असंच लावत. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा लेख आहे, तिचं नाव बलश्री. नाणेघाटातल्या लेखाची राणी नागनिका. बलश्री म्हणून बघा एकदा. इतकं जुनं नाव आज कुणी ठेवलं तर लोक विचारतील, हे नवीन कुठून काढलंत?


निळी शाई :
नवीन काढण्यावरून आठवलं. इंटरनेटवरच्या नावांच्या याद्यांवर विश्वास ठेवू नका. कुठलंही नाव टाका, 'संस्कृतमध्ये अर्थ : देवीचा अंश' असं उत्तर तयार असतं. मायरा घ्या. अर्थ सांगताना लोक संस्कृतपर्यंत जातात, पण ते नाव फल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीनं आपल्या कवितांसाठी घडवलेलं. नाव कानाला छान आहे, आवडलं तर जरूर ठेवावं, पण मग इंग्रज कवीचं म्हणून ठेवावं. मी प्रत्येक नाव आधी मोल्सवर्थमध्ये आणि दाते-कर्व्यांच्या शब्दकोशात बघतो. तिथे नसलेलं नाव वाईट असं नव्हे, पण त्याला चिकटवलेला अर्थ बहुतेक वेळा कुणीतरी बसल्या बसल्या लिहिलेला असतो.


तिसरी घंटा :
याला माझा पाठिंबा. मुलं पाचवीत आली की 'माझ्या नावाचा अर्थ' असा निबंध असतो, आणि दरवर्षी तीन-चार पोरं खोटा अर्थ खऱ्या अभिमानानं लिहून आणतात. दुरुस्त करायला माझं धाडस होत नाही.


रानजाई :
गाणाऱ्या बायकांची नावं राहिलीच. केसर, मोगू, हिरा, अंजनी. केसरबाई केरकरांचं भैरवीतलं गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अवकाशात गेलं. केसर नाव ठेवायचं तर आणखी काय हवं! माझ्या भाचीचं केसर सुचवलं तर वहिनी म्हणाली, गाईचं वाटतं. दहा वर्षांनी हेच नाव घरोघरी असेल आणि तेव्हा वाटणार नाही, हे मी लिहून देते.

लताबाईंचंसुद्धा बघा, पाळण्यातलं नाव हेमा. वडिलांच्या नाटकातल्या, 'भावबंधन'मधल्या लतिकेवरून लता झालं. आज लता हे नाव ठेवा म्हटलं तर लोक जुनं म्हणतील. तेव्हा ते नाटकातलं ताजं, नवं नाव होतं.


ओसरी :
बरेच दिवस लिहिता आलं नाही, लेक रात्रभर जागवते आहे. तीन गोष्टी सांगायच्या आहेत.

तिसरी घंटा, तुम्ही म्हणालात तसं केलं. गॅलरीत नाही, पण स्वयंपाकघरातून पाळण्याकडे बघत दहा वेळा हाक मारली. यमुनाऽऽ. आधी पणजी आठवायची. सातव्या-आठव्या हाकेला नुसती पाळण्यातली लेक दिसायला लागली. मग कळलं की हे नाव मला तिच्यासाठीही आवडलंय, 'य' जिभेवरून कसा सरकतो आणि 'मु'ला ओठ मिटतात त्यासाठी.

दुसरं, आत्याआजीशी पुन्हा बोलले. तिला विचारलं, पणजीला ते नाव परत हवं होतं का गं? कारण मी आपली माझ्या मनानंच ठरवून बसले होते. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, साठीच्या पुढे गावात प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला होता, संध्याकाळी देवळात. आत्याआजी तेव्हा माहेरपणाला आलेली, आईला सोडायला गेली होती. बाईंनी पाटी समोर धरली आणि विचारलं, आजी, नाव काय लिहू? आई म्हणाली, यमुना. बाईंनी लिहून दिलं. आत्याआजीला वाटलं आई गोंधळली, म्हणून ती म्हणाली, अगं सरस्वती ना? तर आई म्हणाली, "ते कागदाला. हे गिरवायला." आणि महिनाभर तिनं पाटीवर यमुना गिरवलं. सही मात्र सरस्वतीची शिकली, कारण जमिनीचे कागद त्या नावाचे होते.

हे ऐकल्यावर मला दुसरं काही विचारायचं उरलं नाही.

तिसरं, सासूबाई. त्यांना भाऊबीजेचं सांगितलं, आडवळण यांनी लिहिलं तसंच. त्या ऐकून घेऊन उठून गेल्या. रात्री मला शेक द्यायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "माझंही बदललं होतं." आणि माहेरचं नाव सांगितलं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, नवऱ्याला आपल्या आईचं ते नाव माहीत नव्हतं. ते इथे लिहू का विचारलं तर नको म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही.


सातवीण :
ओसरी, 'हे गिरवायला' वाचून मी जाऊन निळूची पाटी बाहेर काढली.


गावकूस :
आमच्याकडे काल मुलगी झाली. सोमा. वडिलांनी दवाखान्यातच तीन वेळा मोठ्यानं म्हणून पाहिलं.


कोरा कागद :
अभिनंदन गावकूस. ओसरीताई, फॉर्म भरलात का?


ओसरी :
गावकूस दादा, सोमाला खूप खूप आशीर्वाद.

हो, काल भरला. यमुना, मग माझं नाव, मग ह्यांचं, मग आडनाव. स्पेलिंग कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय. बारसं रविवारी आहे, आत्या कानात कुर्र करणार ती माझी नणंद, तिनंही आता पाठ केलंय. सासूबाईंनी मात्र बारशाची वाट बघितली नाही. आज दुपारी मी अंघोळीला गेले होते आणि बाहेरून ऐकू आलं, "यमू, रडू नको गं, आई आली हं."